अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, पण मोडतं कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, दोन महिन्यांपासून पायांना सूज, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन २.३. एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन सगळं नॉर्मल. कुणीतरी सांगितलं म्हणून दीड महिना रोज चार अंड्यांचा पांढरा भाग आणि दोन वेळा प्रोटीन पावडर चालू आहे, तरी परवाचा रिपोर्ट २.२. एक डॉक्टर म्हणाले, लिव्हर अल्ब्युमिन बनवत नाहीये. दुसरे म्हणाले, बनतंय, पण शरीर ते मोडून टाकतंय. तुम्ही विचारताय, मोडतंय तर नेमकं कुठे मोडतंय आणि ते थांबवता येईल का.

मी एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी बावीस वर्षं दवाखाना चालवतो. वडिलांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा निदान करणार नाही; खाली जे आहे त्यातला बराच भाग त्यांना लागू होईल की नाही हे एका साध्या तपासणीवर अवलंबून आहे, आणि ती तुमच्या यादीत मला दिसली नाही. तिच्याकडे शेवटी येतो. आधी ‘कुठे मोडतं’ हे नीट बघू, कारण हा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं हे अकरावी-बारावीतल्या मुलालाही पाठ असतं. मोडतं कोण म्हटलं की एमबीबीएसची मुलंसुद्धा अंदाजानं ‘लिव्हरच असेल’ म्हणतात.

हिशेबापासून सुरुवात करू. निरोगी माणसाचं लिव्हर रोज साधारण १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन तयार करतं. रोज तेवढंच मोडलंही जातं, म्हणून तर रिपोर्टवरचा आकडा वर्षानुवर्षं चारच्या आसपास राहतो. ७० किलोच्या माणसाच्या अंगात एकूण ३०० ग्रॅमच्या घरात अल्ब्युमिन असतं. त्यातलं जेमतेम ४० टक्के रक्तात. उरलेलं रक्तवाहिन्यांच्या बाहेर, कातडीखाली, स्नायूंच्या फटींमध्ये हिंडत असतं. दर तासाला रक्तातलं सुमारे ५ टक्के अल्ब्युमिन केशवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर पडतं आणि लसिकावाहिन्यांमधून (लिम्फच्या नळ्यांमधून) फिरून पुन्हा रक्तात येतं. आज बनलेल्या अल्ब्युमिनपैकी निम्मं संपायला १९-२० दिवस लागतात; याला अर्धायुष्य म्हणतात.

म्हणजे रक्तातला आकडा खाली यायला चार वाटा झाल्या. कमी बनणं, जास्त मोडणं, शरीराबाहेर गळणं, आणि रक्तवाहिन्यांतून बाहेर गेलेलं वेळेत परत न येणं. तुम्हाला भेटलेल्या दोन डॉक्टरांनी यातल्या पहिल्या दोनच वाटांची नावं घेतली. माझ्या अनुभवात, लिव्हर ठीक दिसत असताना पायांना सूज घेऊन आलेल्या पेशंटमध्ये दोषी बहुतेक वेळा तिसरी वाट निघते.

आता मोडण्याकडे. हे शोधणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. १९५०च्या सुमारास अल्ब्युमिनला किरणोत्सारी आयोडीन चिकटवून ते टोचायला सुरुवात झाली. त्यामुळे रोज किती मोडतं हे कळलं, कुठे ते मात्र कळेना. कारण पेशीनं अल्ब्युमिनचे तुकडे केले की आयोडीन सुटून रक्तात यायचं आणि लघवीतून निघून जायचं. चोरी झाली हे कळलं, चोर पसार. मग संशोधकांनी युक्ती केली. पेशीला मोडताच येत नाही अशी एक साखर अल्ब्युमिनला जोडली आणि तिच्यावर किरणोत्सारी खूण ठेवली. प्रथिन मोडलं तरी साखर त्या पेशीतच अडकून पडते. आपल्याकडे लाचलुचपत खातं सापळा लावताना नोटांना पावडर लावतं आणि मग कुणाच्या बोटांना ती चिकटली ते बघतं, तसंच हे. मग सशांचा एकेक अवयव तपासला.

सगळ्यात जास्त पावडर सापडली स्नायू आणि कातडीत. दोन्ही मिळून ४० ते ६० टक्के. लिव्हरचा वाटा १५ टक्क्यांच्या वर जात नाही. किडनीचा साधारण १० टक्के, आणि जवळपास तेवढंच आतड्यांत पाझरून तिथे पचतं. म्हणजे ज्या अवयवाला आपण अल्ब्युमिनचा कारखाना म्हणतो तो मोडणाऱ्यांच्या यादीत बऱ्यापैकी खाली आहे.

स्नायूंत मोडतं म्हणजे दंडाचे तंतू अल्ब्युमिन खातात असं समजू नका. हे काम करतात त्या तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर असलेल्या पेशी, आणि आजूबाजूच्या जोडऊतीतल्या पेशी. दर ग्रॅममागे बघितलं तर स्नायू फार काही मोडत नाही. पण शरीराच्या वजनात त्याचा वाटाच इतका मोठा, त्यात कातडीचा पसारा, की बेरीज तिथे जास्त होते. लिव्हर हा मोठा दुकानदार म्हणा, स्नायू आणि कातडी म्हणजे गल्लीगल्लीतल्या टपऱ्या. एकूण गल्ला टपऱ्यांचाच जास्त.

त्या पेशीत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण तुमच्या ‘थांबवता येईल का’ याचं उत्तर तिथे आहे. अस्तराची पेशी सतत आजूबाजूच्या द्रवाचे बारीक घोट घेत असते. घोटात जे येईल ते येतं, निवड नसते. आत गेल्यावर त्या थेंबाभोवतीची पिशवी हळूहळू आंबट होत जाते. रक्ताचा पीएच ७.४, इथे तो सहाच्या आसपास येतो. पिशवीच्या भिंतीला एक रिसेप्टर असतो, एफसीआरएन नावाचा. आंबट झालं की तो दोनच प्रथिनं घट्ट पकडतो: अल्ब्युमिन आणि आयजीजी जातीची अँटिबॉडी. बाकीचा माल पुढच्या पिशवीत जातो, तिथल्या विकरांकडून (एन्झाइम्सकडून) त्याचे तुकडे होतात आणि सुटे अमिनो आम्ल पेशी वापरते किंवा रक्तात सोडते. रिसेप्टर मात्र पकडलेलं घेऊन पेशीच्या काठावर येतो. तिथे पुन्हा ७.४, पकड सुटते, अल्ब्युमिन परत रक्तात. आई तांदूळ निवडताना खडे बाजूला काढते, इथे उलट आहे. सगळं चुलीत जायचंय आणि त्यातून फक्त दोन जातीचे दाणे हातानं वाचवायचेत. जे हाताला लागले नाहीत ते गेले.

यातली एक गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. तांबडी पेशी म्हातारी होऊन मरते, १२० दिवसांच्या आसपास. अल्ब्युमिनचं तसं नाही. काल बनलेला रेणू आणि महिन्यापूर्वीचा रेणू यांना आज मोडलं जाण्याची शक्यता जवळपास सारखीच. वय कुणी विचारत नाही. ज्याला रिसेप्टरचा हात मिळाला नाही त्याचा नंबर लागला.

हा राखणदार, म्हणजे हा रिसेप्टर, असला पाहिजे असं ब्रॅम्बेल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकातच अँटिबॉडीच्या बाबतीत सुचवलं होतं. तोच अल्ब्युमिनलाही वाचवतो हे कळायला २००३ साल उजाडलं. आयजीजीला रक्तात २१ दिवसांचं अर्धायुष्य मिळतं आणि आयजीए-आयजीएम या दुसऱ्या जातींना पाच-सहा दिवसांचं, ते यामुळेच. अलीकडे मायस्थेनियासारख्या (अँटिबॉडीमुळे स्नायू थकतात त्या) आजारात हा राखणदार मुद्दाम अडवणारी औषधं निघाली आहेत, २०२१ मध्ये अमेरिकेत पहिल्याला मंजुरी मिळाली. घातक अँटिबॉडी लवकर मोडावी एवढाच हेतू. उलट बाजूनं, मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं अल्ब्युमिनला चिकटून राहतात आणि त्यामुळेच इतके दिवस टिकतात.

मग ‘शरीर अल्ब्युमिन जास्त मोडतंय’ असा आजार असतो का? असतो, पण फार दुर्मीळ. अमेरिकेत एका बहीण-भावाचा अभ्यास झाला, आईवडील सख्ख्या चुलत-मावस नात्यातले. दोघांचंही अल्ब्युमिन आणि आयजीजी दोन्ही फार कमी. गळती कुठेच नाही, बनणं व्यवस्थित, फक्त मोडणं कमालीचं वेगात. त्यांच्या राखणदाराचा एक भाग जनुकातल्या चुकीमुळे नीट बनतच नव्हता हे २००६ मध्ये सिद्ध झालं. ही गोष्ट जन्मापासूनची. वयाच्या ६४ व्या वर्षी दोन महिन्यांत उगवणारी नाही. आणि एरवी शरीर काय करतं? अल्ब्युमिन कमी झालं, खाणं कमी झालं, की मोडण्याचा वेगही कमी होतो. म्हणजे जे तुम्हाला औषधानं करायचं आहे ते शरीर आपणहून करतं. मोडणं थांबवण्याची गोळी नाही, आणि तुमच्या वडिलांना ती लागेल असंही मला वाटत नाही.

बाकीची प्रथिनं कुठे जातात तेही थोडक्यात बघू, कारण रिपोर्ट वाचताना त्याचा उपयोग होतो.

रक्तातल्या बहुतेक प्रथिनांना साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात, टोकाला सायलिक आम्लाचं टोपण. फिरता फिरता ते टोपण निघालं की आतली गॅलॅक्टोज उघडी पडते, आणि लिव्हरच्या पेशींवर उघडी गॅलॅक्टोज ओळखणारा रिसेप्टर तयारच असतो. अॅशवेल आणि मोरेल यांनी हे सशांमध्ये दाखवलं. सेरुलोप्लाझ्मिन या तांबं बाळगणाऱ्या प्रथिनाचं टोपण काढून त्यांनी ते टोचलं. एरवी दोन-अडीच दिवसांच्या अर्धायुष्याचं हे प्रथिन काही मिनिटांत रक्तातून गायब आणि सगळं लिव्हरमध्ये. अल्ब्युमिनला मुळात साखळीच नसते, त्यामुळे हा दरवाजा त्याच्यासाठी नाही. लिव्हरचा वाटा कमी असण्याचं एक कारण हेही.

तांबड्या पेशींचं हिमोग्लोबिन प्लीहा, लिव्हर आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशी मोडतात. त्यातलं रोजचं २०-२५ मिलिग्रॅम लोह पुन्हा नव्या पेशींसाठी वापरात. पेशी रक्तवाहिनीतच फुटली तर हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन सांडलेलं हिमोग्लोबिन पकडतं आणि ती जोडी भक्षक पेशी काही मिनिटांत गिळतात. जोडीबरोबर हॅप्टोग्लोबिनही जातं. म्हणून विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलचे (तांबड्या पेशी लवकर फुटतात त्या आजाराचे) पेशंट बघणाऱ्यांना हॅप्टोग्लोबिन तळाला गेलेलं बघायची सवय असते. तिथे ‘जास्त मोडणं’ हे निदान शब्दशः खरं.

किडनीचं काम वेगळं. तिची गाळणी लहान प्रथिनं सरळ खाली सोडते. अल्ब्युमिनचं वजन साधारण ६६ हजार डाल्टन, त्यात ऋण भार, म्हणून ते बहुतेक वरच राहतं. त्याहून लहान असलेली इन्सुलिन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अँटिबॉडीच्या सुट्या हलक्या साखळ्या ही मंडळी गाळून जातात आणि पुढच्या नळीच्या पेशी त्यांना ओढून घेऊन तिथेच मोडतात. लघवीत जवळपास काही येत नाही. हे प्रकरण किती महत्त्वाचं आहे ते मला एका पेशंटनं शिकवलं. जुना मधुमेह, रोज ४० युनिट इन्सुलिन घेणारा शेतकरी. एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. ‘डॉक्टर, शुगर बरी झाली, आता १६ युनिटमध्ये भागतं, परवा तर पहाटे घाम फुटून शुगर ५८ आली.’ मी पेढा तोंडात टाकलाही होता. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, केलं तर ४.१, खूप चढलेलं. मधुमेह बरा झालेला नव्हता, इन्सुलिन मोडणारी किडनी थकली होती, त्यामुळे टोचलेलं इन्सुलिन तासन्‌तास रक्तात फिरत होतं. तेव्हापासून कुणाचं इन्सुलिन आपोआप कमी झालं की मी आधी क्रिएटिनिन लिहितो.

आतड्यांचं आधी सांगितलंच. थोडं अल्ब्युमिन रोज आतड्यांत पाझरतं, तिथली पाचक विकरं त्याला दुधातल्या किंवा डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवतात आणि अमिनो आम्लं पुन्हा शोषली जातात. आतड्याचा आजार असला, लसिकावाहिन्या तुंबल्या असल्या, किंवा क्षयानं हृदयाचं आवरण जाड आणि कडक झालं असलं तर हा पाझर कितीतरी पटींनी वाढतो. अशी गळती शोधायला शौचात अल्ब्युमिन मोजून काही हाती लागत नाही, ते पचून गेलेलं असतं. म्हणून अल्फा-१ अँटिट्रिप्सिन मोजतात. ते स्वतःच पाचक विकरांना अडवणारं प्रथिन. आतड्यातून जसंच्या तसं बाहेर येतं.

इथवरचं थोडक्यात: अल्ब्युमिन आणि आयजीजी जागोजागी, मुख्यतः स्नायू-कातडीतल्या वाहिन्यांच्या अस्तरात मोडतात, साखरेचं टोपण हरवलेली लिव्हरमध्ये, लहान असलेली किडनीत, हिमोग्लोबिन भक्षक पेशींत. आणि आकडा खाली आल्यावर या सगळ्यांत कुठेतरी कुणी जास्त मोडतंय असं गृहीत धरणं बहुतेक वेळा चुकतं.

आता वडिलांचा रिपोर्ट.

‘एसजीपीटी नॉर्मल म्हणजे लिव्हर चांगलं’ हे वाक्य मी रोज ऐकतो. एसजीपीटी लिव्हरच्या पेशी सध्या फुटताहेत का एवढंच सांगतं. जुन्या सिरोसिसमध्ये (लिव्हर आखडून कडक होतं त्या आजारात) फुटायलाच फार पेशी उरत नाहीत आणि आकडा छान नॉर्मल येतो. बनवण्याची ताकद बघायची तर पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी करा. गोठण्याच्या घटकांपैकी सातव्याचं अर्धायुष्य चार-सहा तासांचं आहे, त्यामुळे लिव्हर अचानक बसलं तर आयएनआर दोन दिवसांत बिघडतं आणि अल्ब्युमिन तेव्हाही साडेतीन दाखवत असतं. वडिलांचं आयएनआर १.१ च्या आत, प्लेटलेट नीट आणि सोनोग्राफीत लिव्हरचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं मी बाजूला ठेवीन.

सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन, तेही बघा. सीआरपीचं अर्धायुष्य कुठल्याही आजारात १९ तासांच्या आसपास एकसारखंच राहतं, म्हणून त्याचा आकडा म्हणजे फक्त किती बनतंय याचा आकडा. तो चढलेला असेल, म्हणजे अंगात कुठेतरी जंतुसंसर्ग किंवा दाह चालू आहे. अशा वेळी लिव्हर अल्ब्युमिनचं काम मागे टाकतं आणि वाहिन्याही जास्त पाझरू लागतात. न्यूमोनियानं भरती झालेल्या धडधाकट माणसाचं अल्ब्युमिन चार दिवसांत ४ वरून २.८ होतं. चार दिवसांत त्याचं पोषण बिघडलेलं नसतं. उलट अन्न जवळजवळ सोडलेल्या, हाडं दिसणाऱ्या मुलींमध्ये अल्ब्युमिन बराच काळ नॉर्मल असतं, कारण बनणं कमी झालं तसं मोडणंही कमी झालेलं असतं. अल्ब्युमिन हे पोषणाचं मोजमाप नाही हे आता आहारतज्ज्ञांच्या संघटनाही सांगतात, तरी आपल्याकडे २.३ दिसलं की ‘प्रोटीन कमी आहे, अंडी द्या’ हे सुरूच.

अंड्यांचं एकदा स्पष्ट करतो. अंड्याच्या पांढऱ्या भागालाही अल्ब्युमिन म्हणतात, त्यामुळे लोकांना वाटतं इकडून खाल्लं की तिकडे वाढेल. पोटात त्याचे अमिनो आम्लांपर्यंत तुकडे होतात. रक्तातल्या अल्ब्युमिनशी त्याचं नातं डाळीतल्या प्रथिनापेक्षा जवळचं नाही. शरीरात रोज एकूण २५०-३०० ग्रॅम प्रथिनं मोडून नव्यानं बनतात, त्यात अल्ब्युमिनचे हे १०-१५ ग्रॅम. कच्च्या मालाची टंचाई लिव्हरला सहसा नसते. माणूस खरोखर उपाशी असेल तर गोष्ट वेगळी.

आता ती राहिलेली तपासणी: लघवी. तुम्ही पाठवलेल्या यादीत लिव्हर आहे, सीबीसी आहे, थायरॉइड आहे, व्हिटॅमिन डी सुद्धा आहे, लघवी नाही. माझे शिक्षक लघवीची परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर तिरकी धरून फक्त वरचा भाग तापवायचे. खालचा भाग पिवळा पारदर्शक, वरचा हळूहळू ढगाळ, मग अंड्याच्या पांढऱ्यासारखा दाट. नंतर अॅसेटिक आम्लाचे दोन थेंब. फॉस्फेट असेल तर विरघळतं, प्रथिन असेल तर तसंच राहतं. पेशंटच्या नातेवाइकाला ती नळी दाखवली की पुढचं अर्धं बोलणं वाचायचं. आता लघवीत बुडवायची पट्टी आहे, पैसेही फार नाहीत.

किडनीच्या गाळणीला भोकं पडली की रोज साडेतीन ग्रॅमहून जास्त प्रथिन लघवीत जाऊ शकतं. इथे एक शंका तुमच्या मनात यायला हवी. लिव्हर १२ ग्रॅम बनवतं, गळतात चार-पाच, मग आकडा एवढा का कोसळतो? कारण गाळणीतून त्याहून बरंच जास्त अल्ब्युमिन खाली येतं. नळीच्या पेशी त्यातलं जमेल तेवढं ओढून घेतात आणि तिथेच मोडतात, उरलेलं लघवीत दिसतं. म्हणजे तुमचे दुसरे डॉक्टर म्हणाले ते अशा वेळी अर्धवट खरं ठरू शकतं: मोडणं वाढलेलं असतं, पण ते गाळणी फाटल्यामुळे, आणि किडनीच्या नळीत. उपाय गाळणीचा करायचा असतो.

आणि याच परिस्थितीत जास्त प्रथिन खाणं उलटतं. किडनीतून गळती असताना प्रथिन वाढवलं तर लिव्हर अल्ब्युमिन थोडं जास्त बनवतं खरं, पण गाळणीवरचा दाब वाढून गळतीही वाढते. आकडा वर जात नाही, कधी कधी थोडा खालीच येतो. २.३ चं २.२ झालं त्यात मला फार आश्चर्य वाटत नाही, जरी तो ०.१ चा फरक नुसता मोजणीचाही असू शकतो. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असल्या तर अर्ध्या ग्रॅमपर्यंत तफावत येते. पेशंट तासभर आडवा पडला होता की उभ्यानं आला यानंही आकडा हलतो. पुढच्या वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी.

गळती असेल तर अशा माणसाला प्रथिन साधारणपणे दर किलो वजनामागे ०.८ ते १ ग्रॅम पुरतं. साधं घरचं जेवण, वाटीभर वरण, दही, एखादं अंडं. पावडर बंद. मीठ मात्र खरोखर कमी, लोणचं आणि पापड ताटाबाहेर. पण हे लघवीचा रिपोर्ट बघूनच ठरवा. गळती नसेल आणि वडील खरंच जेवत नसतील तर सल्ला बदलेल.

अल्ब्युमिनच्या बाटलीचं कुणी सुचवलं तर काय, असंही तुम्ही विचारलंय. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं. पोटातून पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं, किंवा सिरोसिसमध्ये त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला, तर ती बाटली जीव वाचवते आणि मी स्वतः देतो. नुसता आकडा वाढवायला दिली तर दोनेक दिवसांत अर्ध्याहून जास्त वाहिन्यांच्या बाहेर आणि किडनी गळत असेल तर एक-दोन दिवसांत लघवीत. कानातले मोडून चार बाटल्या आणलेलं कुटुंब मी पाहिलंय. आठव्या दिवशी आकडा होता तिथेच होता.

तेव्हा आज एवढं करा. सकाळची पहिली लघवी, पट्टीची तपासणी आणि त्याच नमुन्यातलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. बरोबर रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, सीआरपी, आयएनआर. गुणोत्तर तीनच्या वर आलं तर थेट किडनीच्या डॉक्टरांकडे. या वयात नव्यानं गळती सुरू झाली असेल तर ते बहुधा रक्तातल्या हलक्या साखळ्याही बघतील, त्या पट्टीवर नीट दिसत नाहीत. लघवी स्वच्छ निघाली, तर मानेच्या शिरा फुगलेल्या आहेत का आणि जुलाब होतात का हे डॉक्टरांना बघायला सांगा. मग हृदयाचं आवरण आणि आतडं यांचा नंबर.

आणि वडिलांना एक विचारा, सहसा कुणी आपणहून सांगत नाही: लघवीला गेल्यावर फेस येतो का, आणि पाणी ओतल्यावरही तो भांड्यात तसाच राहतो का.